निर्गुडीचा पाला आणि उंदराचा पंजा

मृग लागला की आजीचे गुडघे धरतात. मग आई नाहीतर मी ओढ्याकाठच्या निर्गुडीच्या डहाळ्या तोडून आणायचो. पाच-पाच पानांचे पंजे, वरून हिरवे, खालून पांढुरके, आणि तासभर बोटांना राहणारा उग्र वास. आजी लोखंडी तव्यावर पाला परतायची, त्यात तिळाचं तेल सोडायची आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात पुरचुंडी बांधून गुडघे शेकायची. घरात कुणाला ताप आला की त्याच पाल्याचा वाफारा.

एम.फार्म.ला, म्हणजे औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणात, प्रबंधाचा विषय ठरवताना मी निर्गुडीचं नाव घेतलं. मॅडम म्हणाल्या, "त्यावर ढीगभर काम झालंय." खरंच झालंय. २००३ साली श्रीलंकेतल्या संशोधकांनी ताज्या, पूर्ण वाढलेल्या पानांचा पाण्यातला अर्क उंदरांवर तपासून छापलेला आहे. तरी मी हट्ट धरला.

पहिल्या खेपेचा पाला मी गच्चीवर उन्हात वाळवला आणि तिथेच चुकले. चार दिवसांनी चुरगाळला तर वासच नाही. निर्गुडीत उडून जाणारं तेल असतं, ते गेलं होतं. दुसऱ्या खेपेला सावलीत, वर्तमानपत्रावर पसरून, रोज उलथापालथ करत वाळवला. मग भरड करून अल्कोहोलमध्ये अर्क काढला. हिरवट-काळा, काकवीसारखा चिकट.

प्राण्यांसाठीच्या नैतिकता समितीची परवानगी आल्यावर सुजेची चाचणी घेतली. विस्टार जातीचे पांढरे उंदीर, एका गटात सहा. एका गटाला औषध नसलेलं नुसतं द्रावण, एकाला डायक्लोफिनॅक हे सूज-वेदनेवरचं नेहमीचं औषध, बाकीच्यांना अर्काचे वेगवेगळे डोस. तासाभराने मागच्या पायाच्या तळव्यात १ टक्का कॅराजीननचं ०.१ मिली इंजेक्शन. हे कॅराजीनन लाल समुद्रशैवालातून निघतं आणि आइस्क्रीममध्येही घालतात, पण तळव्यात टोचलं की पाय सुजतो. सुरुवातीची सूज हिस्टामीन आणि सिरोटोनिन या शरीरातच सुटणाऱ्या रसायनांची, नंतरची प्रोस्टाग्लँडिन या तशाच दुसऱ्या रसायनाची. १९६२ पासून जगभर हीच पद्धत वापरतात.

घोट्यावर पेनाने रेघ मारायची, उंदीर फडक्यात धरायचा आणि पाय रेघेपर्यंत नळीतल्या द्रवात बुडवायचा. पायाने जेवढा द्रव सरकतो तेवढं त्याचं आकारमान. दर तासाला तेच. तिसऱ्या तासाला नुसत्या द्रावणाच्या गटातला एक उंदीर तो पाय टेकवतच नव्हता, पोटाशी धरून बसला होता. त्याचं हृदय माझ्या तळहाताला लागत होतं. त्या दिवशी माझ्या मनात पक्कं बसलं की या जिवांना आपण एवढं दुखवतो, तर प्रश्न तरी नीट विचारलेला हवा.

अर्क दिलेल्या गटांत सूज कमी भरली, डायक्लोफिनॅकइतकी नाही, पण कमी. तापाचं मात्र तसं झालं नाही. यीस्टचं २० टक्के द्रावण कातडीखाली टोचून १८ तासांनी ताप चढलेला पाहिला. पॅरासिटामॉलच्या गटात तो उतरला, आमच्या अर्काने जेमतेम हलला. मी तो तक्ता प्रबंधात जसाच्या तसा ठेवला. "सूज, वेदना, ताप तिन्हींवर गुणकारी" असं शीर्षक छान दिसतं म्हणून न मिळालेलं लिहायचं नाही.

सुट्टीत घरी गेल्यावर आजीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पोरी, मी कधी पाला प्यायलेय का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी अल्कोहोलचा अर्क उंदराच्या पोटात घातला. आजी पाला गरम करून वरून बांधते. गुण पानाचा, तेलाचा की नुसत्या उबेचा? माझ्या अख्ख्या प्रबंधात या प्रश्नाला हातसुद्धा लागलेला नाही, आणि खरा प्रश्न तोच आहे.

मग आम्ही घरीच करून पाहिलं. डाव्या गुडघ्याला पाल्याची पुरचुंडी, उजव्याला तेवढीच तापवलेली, तेल लावलेली नुसत्या फडक्याची. दुखणं किती, ते तिने दहापैकी सांगायचं आणि मी वहीत लिहायचं. एका माणसाच्या दोन गुडघ्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. मला पद्धत बसवायची होती. दुसऱ्याच दिवशी अडलं. आजीला डोळे मिटूनही वासावरून कळत होतं की पाला कुठल्या गुडघ्यावर आहे. तिचा निर्गुडीवर विश्वास आहे आणि तो विश्वास थेट त्या दहापैकी आकड्यात उतरतो.

आता मी असा पाला शोधतेय, जो परतल्यावर तितकाच उग्र वास देईल पण सुजेला काही करणार नाही. आजी म्हणते घाणेरीचा बघ.