झाडांची वही : फाल्गुन-चैत्र

फाटकाजवळचा करंज आठवड्यात बदलला. एका रविवारी नुसता खराटा, पुढच्या रविवारी फांद्यांच्या टोकांना तेल लावल्यासारखी चकचकीत पोपटी पालवी. मधे चार दिवस गावाला गेलं की हा खराटा हमखास निसटतो, म्हणून मार्चमध्ये शक्यतो प्रवास टाळतो. (घरच्यांना हे कारण अजून पटलेलं नाही.)

गंमत म्हणजे त्याच रांगेतला पाण्याच्या टाकीजवळचा करंज अजून जुनी, पिवळट, ठिपके पडलेली पानं धरून बसलाय. टाकी रोज ओसंडते, त्याचा परिणाम असावा. आता 'यंदा करंज लवकर पालवला' असं म्हणायचं तर कोणता करंज? नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या सीझनवॉच या सामान्य लोकांनी झाडांच्या ऋतुबदलांच्या नोंदी करायच्या उपक्रमात एकच झाड धरून दर आठवड्याला तेच बघायचं, ते याचसाठी. पालवी, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं, प्रत्येकापुढे 'नाही', 'थोडी' किंवा 'भरपूर'. यातलं 'नाही' भरायचा कंटाळा येतो खरा, पण तेच सगळ्यात मोलाचं. आधीच्या आठवड्यात फूल नव्हतं हे लिहिलेलं नसेल, तर 'पहिलं फूल' कशाच्या जोरावर म्हणणार?

बहाव्याला सध्या फक्त गेल्या वर्षीच्या काळ्या लांब शेंगा. नव्या मंडळींनो, त्या जुन्या असल्या तरी पिकलेल्या फळांतच भरा; फुलं आली तरी त्यातल्या काही लोंबतच राहतात. बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांत पाऊस, हा मेसेज लवकरच फिरायला लागेल. माझा त्यावर विश्वास नाही. पहिलं फूल धरायचं की पूर्ण बहर, हेच कुणी सांगत नाही, आणि पावसाळा सरताना काही बहावे पुन्हा फुलतात त्याचं काय करायचं?

जुन्या लोकांना विचारलं तर 'पाडव्याला कडुनिंबाला कोवळी पालवी असायचीच' असं उत्तर येतं. आठवण खोटी नाही, पण पाडवा जागेवर थांबत नाही. 2024 मध्ये तो 9 एप्रिलला होता, 2026 मध्ये 19 मार्चला. तीन आठवड्यांचा फरक अधिकमासाच्या हिशेबातच पडतो. हवामानबदल मोजायचा तर आधी तो वजा करायला हवा. मी तिथी समासात लिहितो, नोंद मात्र तारखेचीच.

टेकडीवर गिरिपुष्पाची गुलाबी फुलं बघून 'पुण्यातला चेरी ब्लॉसम' म्हणत फोटो काढणाऱ्यांची यंदाही गर्दी होती. त्यांना खऱ्या चेरीची गोष्ट सांगावीशी वाटते. क्योटोमध्ये चेरीच्या बहराच्या नोंदी इ.स. 812 पासूनच्या सापडतात, दरबारी रोजनिश्यांमधून वगैरे जमवलेल्या. त्यात 2021 मध्ये पूर्ण बहर 26 मार्चला आला, बाराशे वर्षांतला तोवरचा सर्वांत लवकरचा. रोजनिशी लिहिणाऱ्यांच्या डोक्यात तापमानवाढ नव्हती, फुलं बघायला जायचं होतं इतकंच.

आपल्याकडे बहावा, पळस, करंज यांची इतकी लांब मालिका नाही. माझी वही तर एका गल्लीपुरती. तिच्यावरून निष्कर्ष काढणार नाही.

पुढच्या महिन्यात बहाव्याच्या कळ्यांवर लक्ष. कोकणात किंवा विदर्भात कुणी एकच बहावा धरून बघत असेल तर कळी दिसल्याची आणि पहिलं फूल उमलल्याची, अशा दोन वेगळ्या तारखा कळवा. सोबत झाडाला पाणी मिळतं का, तेही.