वापरलेल्या पॉइंट टू-टू पिस्तुलाचा शोध: पाच महिन्यांच्या नोंदी

क्लबच्या सामाईक पिस्तुलावर दोन वर्षे सराव केल्यानंतर २५ मीटर अंतरावरच्या नेमबाजीसाठी स्वतःचे पिस्तूल घ्यायचे मी ठरवले, आणि ते नवे न घेता वापरलेले घ्यायचे, हेही त्याच वेळी ठरवले. त्यामागे पैशांचा विचार होताच, पण तो एकटाच नव्हता. स्पर्धेसाठी बनवलेले चांगले पॉइंट टू-टू (०.२२ इंच कॅलिबरचे) पिस्तूल नीट सांभाळले गेले असेल, तर पहिल्या मालकाची हौस संपल्यावरही ते बहुधा शाबूत असते. त्याची गोळी नरम शिशाची असते आणि काडतुसाचा दाब बऱ्याच मोठ्या काडतुसांच्या मानाने कमी असतो. त्यामुळे नळी झिजण्याच्या कितीतरी आधी स्प्रिंगा थकतात, आणि स्प्रिंगा बदलता येतात. आठवड्यातून दोनदा ६० गोळ्यांचा सराव करणारा नेमबाज वर्षाला साधारण ६,००० गोळ्या झाडतो. विक्रेत्याने सांगितलेला आकडा खरा वाटतो की नाही, हे ताडण्यासाठी मी प्रत्येक वेळी हाच हिशेब मनात धरत होते.

परवाना आणि हस्तांतरण यांची कागदोपत्री तयारी मी पहिले पिस्तूल पाहण्याआधीच पूर्ण केली होती. पिस्तुलावरील क्रमांक स्पष्ट वाचता आला पाहिजे आणि तो कागदावरील क्रमांकाशी अक्षरशः जुळला पाहिजे. तो खरवडलेला किंवा पुन्हा कोरलेला वाटला तर पुढची एकही गोष्ट न तपासता परत फिरायचे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला होता.

मला स्पोर्ट पिस्तूल (२५ मीटरवरच्या, अचूकता आणि द्रुत अशा दोन टप्प्यांच्या) प्रकारात खेळायचे असल्याने मापांचे बंधन पक्के होते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पिस्तूल ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावावे लागते, रिकाम्या मॅगझिनसह (काडतुसे भरायच्या डब्यासह) त्याचे वजन १,४०० ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, नळी १५३ मिलिमीटरपर्यंत आणि दोन साइटमधले (नेम धरायच्या पुढच्या व मागच्या खुणांमधले) अंतर २२० मिलिमीटरपर्यंत असावे लागते, आणि ट्रिगरने किमान १,००० ग्रॅमचे वजन पेलावे लागते. वापरलेल्या पिस्तुलावर आधीच्या मालकाने जास्तीची वजने लावलेली असतात किंवा लांब ग्रिप (मूठ) बसवलेली असते, म्हणून मूळ मॉडेल नियमात बसते एवढ्यावर विसंबता येत नाही. समोरचे पिस्तूल जसे आहे तसे मोजावे लागते.

मॉडेल निवडताना सर्वांत जास्त वेळ गेला तो ग्रिपच्या विचारात. माझा हात लहान आहे आणि मी डावखुरी आहे. हॅमर्ली २०८ एस किंवा १९५७ पासून बनत आलेले स्मिथ अँड वेसनचे मॉडेल ४१ यांत मॅगझिन मुठीच्या आतून जाते, त्यामुळे मूठ एका मर्यादेपलीकडे बारीक करता येत नाही. वॉल्थर जीएसपी आणि पार्दिनी एसपी यांत मॅगझिन ट्रिगरच्या पुढे बसते आणि मुठीचे लाकूड हाताच्या आकाराप्रमाणे हवे तसे कोरता येते. मॉडेल ४१ च्या ट्रिगरचे कौतुक मी मनापासून करते आणि मोठ्या हाताच्या नेमबाजाला ते आनंदाने सुचवेन, पण माझ्या तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर सरळ पडत नव्हते, आणि तिथेच तो विषय संपला. बोट ट्रिगरला तिरके लागले की दाब बाजूला जातो आणि गोळी मध्यापासून सरकते. साइट कितीही फिरवल्या तरी हा दोष जात नाही.

डावखुऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहून ठेवते. बाजारात येणाऱ्या स्पर्धेच्या पिस्तुलांपैकी बहुतेकांवर उजव्या हाताची घडीव ग्रिप असते आणि ती डाव्या हातात धरताच येत नाही. म्हणून मी सुरुवातीपासून ग्रिपची किंमत शून्य धरली, आणि डाव्या हाताची, लहान आकाराची ग्रिप त्या मॉडेलसाठी वेगळी मिळते का, याची चौकशी पिस्तूल पाहण्याआधीच केली.

पहिले पिस्तूल दिसायला अतिशय सुंदर होते, इतके की मला तेच खटकले. काळा-निळा मुलामा एकसारखा चकाकत होता, पण नळीवर कोरलेल्या अक्षरांच्या कडा बुजल्या होत्या, फ्रेमचे कोपरे गोलसर झाले होते आणि स्क्रूच्या छिद्रांभोवती उथळ खळगे पडले होते. पृष्ठभाग घासून पुन्हा मुलामा चढवल्याची ही खूण असते. पुन्हा मुलामा चढवणे हा काही दोष नव्हे. मात्र त्याखाली काय होते ते आता कोणालाच दिसणार नाही, म्हणून तपासणी जास्त बारकाईने करावी लागते. मी बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) मागे अडकवून चेंबर (काडतूस बसते तो नळीचा मागचा भाग) रिकामे असल्याची खात्री केली आणि छोट्या विजेरीने चेंबरचे तोंड पाहिले. त्याच्या कडेवर फायरिंग पिनच्या (काडतुसावर आदळून ते पेटवणाऱ्या टोकाच्या) आकाराचा खोलगट ठसा होता.

हा ठसा कसा पडतो हे समजून घेतले तर तो शोधणे सोपे जाते. पॉइंट टू-टू लाँग रायफल हे १८८७ पासून चालत आलेले रिमफायर काडतूस आहे. त्याचे प्रज्वलक द्रव्य पुंगळीच्या तळाच्या कडेत भरलेले असते, म्हणून फायरिंग पिन मध्यावर न आदळता कडेवर आदळते. काडतूस नसताना ट्रिगर दाबला आणि पिनची लांबी किंचित जास्त असली, तर ती थेट चेंबरच्या पोलादी काठावर आदळते, आणि असे शेकडो वेळा झाले की काठ आत दबून धातूचा उंचवटा चेंबरमध्ये येतो. मग काडतूस आत जाताना अडखळते, कधी पुंगळी बाहेर यायला त्रास देते, तर कधी पिनचा आघात कमी पडून काडतूस पेटतच नाही. लहान ठसा खास हत्याराने आतून दाबून सरळ करता येतो. या पिस्तुलावरचा ठसा खोल होता आणि त्याच्या शेजारी दुसराही पडलेला होता. विक्रेत्याला मी तो दाखवला. त्यांना त्याची कल्पना नव्हती आणि त्यांनी ते मोकळेपणाने मान्य केले.

दुसऱ्या पिस्तुलावर फार वेळ घालवावा लागला नाही. नळीत शिशाचा थर इतका होता की काहीच दिसत नव्हते, म्हणून ती आधी साफ करून देण्याची विनंती मी केली. अस्वच्छ नळी पाहून पिस्तूल नाकारू नये, तसे ते स्वीकारूही नये. साफ झाल्यावर उजेडाकडे धरून पाहिले तेव्हा मधोमध एक गडद कडे दिसले. घट्ट बसणारा कापडी तुकडा सळईने हळूहळू पुढे ढकलला, तर नेमक्या त्याच जागी हाताला लागणारा विरोध क्षणभर नाहीसा झाला. कधी तरी अशक्त काडतुसाची गोळी नळीत अडकली असेल आणि तिच्यामागून दुसरी झाडली गेली असेल. फुगलेली नळी बदलण्याखेरीज उपाय नसतो.

तिसऱ्या पिस्तुलाने मला सर्वांत जास्त शिकवले. नळी स्वच्छ होती, चेंबरचा काठ धारदार होता, नळीच्या तोंडाच्या कडेवरून कापसाची काडी फिरवली तेव्हा एकही तंतू अडकला नाही. स्क्रूच्या खाचा मात्र खरचटलेल्या होत्या, म्हणजे आतपर्यंत कोणीतरी पोहोचले होते. ट्रिगर फारच गोड सुटत होता. रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबून धरून बोल्ट मागे ओढला व सोडला, तरी घोडा (फायरिंग पिनवर आदळणारा हॅमर) पडला नाही. ट्रिगर सोडताना पुन्हा अडकल्याचा आवाज व्यवस्थित आला. ही चाचणी उत्तीर्ण झाल्यामुळे मी जवळजवळ होकार दिला होता. मग १,००० ग्रॅमचे वजन ट्रिगरला लावून, नळी उभी धरून पिस्तूल उचलले, तर वजन जमिनीवरून हलण्याआधीच ट्रिगर सुटला. तिन्ही वेळा तसेच झाले.

त्यानंतर रेंजवर, विक्रेत्याच्या आणि रेंज अधिकाऱ्याच्या उपस्थितीत, मी मॅगझिनमध्ये फक्त दोन काडतुसे भरली. अनोळखी अर्धस्वयंचलित पिस्तुलाची पहिली चाचणी दोनच काडतुसांवर घ्यावी, ही सवय मला क्लबमधल्या एका ज्येष्ठ नेमबाजांनी लावली आणि त्या दिवशी तिचे मोल कळले. चौथ्यांदा भरलेल्या जोडीत एकाच दाबाला दोन्ही गोळ्या सुटल्या. ट्रिगर हलका करण्याच्या हौसेपायी कोणीतरी आतल्या खटक्याचा पृष्ठभाग घासून टाकला होता. हाताने बोल्ट सोडला तर तो कसाबसा धरून राही, पण खऱ्या झटक्याच्या धक्क्याने निसटे. मॅगझिनमध्ये पाच काडतुसे असती तर काय झाले असते, याचा विचार त्या रात्री मी बराच वेळ करत होते. विक्रेत्यांनी ते पिस्तूल त्याच दिवशी विक्रीतून काढले आणि दुरुस्तीला पाठवले. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे.

चौथे पिस्तूल, जे आता माझे आहे, ते एक वॉल्थर जीएसपी. फ्रेमवरचा मुलामा ठिकठिकाणी उडालेला आणि ग्रिपवर आधीच्या मालकाने लाकडाचा भुसा व लुकण थापून आपल्या हाताचा साचा केलेला. पाहताक्षणी मन ओढून घेईल असे त्यात काहीच नव्हते. पण आधीच्या मालकांकडे एक वही होती. तिच्यात प्रत्येक सरावाच्या गोळ्या, काडतुसांचा प्रकार, स्प्रिंग बदलल्याच्या तारखा आणि कोरड्या (काडतुसाविना ट्रिगर दाबण्याच्या) सरावासाठी चेंबरमध्ये रिकामी पुंगळी ठेवत असल्याची नोंद होती. चेंबरचा काठ त्या वहीची साक्ष देत होता. एक्स्ट्रॅक्टरचे (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याचे) टोक तीक्ष्ण होते. दोन्ही मॅगझिनचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) समांतर होते आणि त्यांना पक्कडीने वाकवल्याच्या खुणा नव्हत्या. ही गोष्ट मी आवर्जून पाहते, कारण काडतूस अडकण्याचा दोष आपण पिस्तुलाला देतो तेव्हा पुष्कळदा तो मॅगझिनचा असतो. जीएसपीची ट्रिगर यंत्रणा एका स्वतंत्र भागासारखी बाहेर काढता येते, त्यामुळे तिच्या आतली झीज भिंगाखाली निवांत पाहता आली. वजनाच्या चाचणीत ट्रिगरने १,००० ग्रॅम तिन्ही वेळा पेलले.

रेंजवर दोन-दोन, मग तीन-तीन, मग पूर्ण पाच काडतुसे भरून ६० गोळ्या अडथळ्याविना झाडल्या. त्यानंतर पिस्तूल आधारावर टेकवून, साध्या वेगाच्या तीन वेगवेगळ्या काडतुसांचे दहा-दहा गोळ्यांचे गट घेतले. सर्वांत चांगला गट केंद्र ते केंद्र २४ मिलिमीटरचा आला आणि सर्वांत वाईट ४१ मिलिमीटरचा. २५ मीटरच्या अचूकता लक्ष्यावर दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटरचे असते. म्हणजे ज्या काडतुसाशी नळीचे जमते ते वापरले, तर उरलेल्या चुका माझ्या आहेत. एकाच नळीतून काडतुसांमुळे एवढा फरक पडतो हे स्वतः मोजून पाहिल्यावर, विकत घेण्याआधी किमान तीन प्रकार झाडून पाहावेत, असे मी प्रत्येकाला सांगू लागले आहे.

हस्तांतरण पूर्ण होऊन पिस्तूल ताब्यात आल्यावर मी रिकॉइल स्प्रिंग बदलली, पूर्ण साफसफाई केली आणि ट्रिगर सुमारे १,०४० ग्रॅमवर आणला, म्हणजे स्पर्धेच्या तपासणीत काठावर उभे राहावे लागणार नाही. डाव्या हाताची लहान ग्रिप आली तेव्हा तीही सरळ बसली नाही. अंगठ्याखालचा भाग जाड होता आणि तळहाताचा आधार खालपर्यंत येत नव्हता. मी रोज थोडेच घासते, दुसऱ्या दिवशी डोळे मिटून पिस्तूल उचलते, डोळे उघडल्यावर पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध आहे का ते पाहते, आणि मगच पुन्हा कानस हातात घेते. घासलेले लाकूड परत येत नाही, म्हणून या कामात घाई करत नाही.

गुणांची नोंद अशी आहे. क्लबच्या पिस्तुलावर अचूकता टप्प्यातील ३० गोळ्यांची माझी सरासरी २६८ होती. नव्या पिस्तुलावर पहिल्या महिन्यात ती २६२ पर्यंत घसरली, ग्रिप हळूहळू जुळत गेल्यावर तिसऱ्या महिन्यात २७४ झाली. द्रुत टप्प्यात, जिथे लक्ष्य ३ सेकंद दिसते आणि ७ सेकंद लपते, तिथे प्रगती जास्त ठळक आहे: २५५ वरून २६६. कारण मला स्पष्ट दिसते. हात ४५ अंशांवरून वर येतो तेव्हा साइट आता आपोआप रांगेत असतात आणि ३ सेकंदांपैकी जो वेळ मी त्या शोधण्यात घालवत होते तो ट्रिगरसाठी मिळतो. दहापैकी एखादी गोळी अजून उजवीकडे खाली जाते. डावखुरीच्या बाबतीत तो बहुधा शेवटच्या क्षणी मूठ आवळल्याचा परिणाम असतो.

मिळालेल्या वहीत मी पुढचे पान सुरू केले आहे. आधीच्या मालकांच्या शेवटच्या नोंदीखाली एक रेघ ओढली, स्प्रिंग बदलल्याची तारीख लिहिली आणि गोळ्यांची मोजणी त्यांच्याच आकड्यापुढे चालू ठेवली. ग्रिपचा अंगठ्याखालचा भाग अजून साधारण दोन मिलिमीटर घासायचा आहे.