फॉर्मवर नुसतं 'अशक्त' लिहिलेलं कासव

आमच्या कासव उपचार केंद्रात हे कासव आलं तेव्हा ड्युटीवरच्या सहकाऱ्याने फॉर्मवर एकच शब्द लिहिला होता, अशक्त. खोटं नव्हतं ते, पोटाकडचं कवच पार आत गेलेलं, पाठीवर बार्नेकल्सचा, म्हणजे चिकटून बसणाऱ्या कवचधारी जीवांचा थर. लहान वयाचं हिरवं समुद्री कासव. मी पाल्याचं पान त्याच्यासमोर हलवलं तर काहीच नाही, तेच पान नाकाला लागलं तर लगेच तोंड उघडलं. म्हणजे भूक होती, दिसत नव्हतं.

पापण्या वर केल्या तर दोन्ही डोळ्यांत फ्लॉवरच्या तुऱ्यांसारख्या गाठी. फायब्रोपॅपिलोमा. 1938 साली पहिल्यांदा नोंदवलेला आजार, एका हर्पीस विषाणूशी जोडला जातो, समुद्री कासवांच्या सातही जातींत सापडलाय, पण सगळ्यात जास्त हिरव्यात. गाठ बहुतेकदा कॅन्सरची नसते पण डोळ्यावर आली की कासव उपाशी मरतं. आणणारे म्हणत होते, बिचारं रडतंय. रडत नाही हो, डोळ्यामागच्या ग्रंथी अंगातलं जादा मीठ बाहेर टाकतात, धडधाकट कासवाचे डोळेही असेच चिकट ओले असतात आणि म्हणूनच खरा आजार नजरेतून सुटतो.

एक्सरेत फुफ्फुसं स्वच्छ दिसली तेव्हा जीव भांड्यात पडला. आतही गाठी असत्या तर दयामरणच द्यावं लागलं असतं.

उजवा डोळा गेला, गाठ कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागात मुरली होती. डावीकडची लेझरने कडेपासून सोडवली, खालचा कॉर्निया बराच चांगला निघाला. दोन दिवसांनी बाहुली मोठी करून आतला पडदा तपासला. इथे नवीन डॉक्टर हमखास अडकतात, कुत्र्यामांजरांची बाहुली मोठी करायचं औषध, अॅट्रोपिन, घालून वाट बघत बसतात. कासवाच्या बुबुळाचा स्नायू आपल्या हातापायाच्या स्नायूंच्या जातीचा, अॅट्रोपिनला तो दादच देत नाही. भुलीत स्नायू सैल करायला वापरतात ते रोक्युरोनियम थेंबाथेंबाने घालायचं, जास्त झालं तर श्वास अडकू शकतो म्हणून एक जण नुसता श्वासावर लक्ष ठेवून बसतो. पडदा चांगला होता. मी दोनदा बघितला.

एका डोळ्यावर कासव समुद्रात निभावतं, सोडता येतं. दोन्ही गेले तर नाही.

आणि पाचव्या आठवड्यात त्याच डाव्या डोळ्याच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा गुलाबी उंचवटा आला. आता काढला तर कॉर्निया अजून पातळ होणार, थांबलो तर गाठ आत मुरणार.

त्या रात्री जुने फॉर्म काढून बसले. 'अशक्त, मृत', 'अशक्त, मृत', त्यातले काही माझ्याच अक्षरातले. डोळ्यांसाठी रकानाच नाही, मग त्यातली आंधळी किती होती हे कुठून कळणार? आपण खाणं कमी पडलं, जाळ्यात अडकली असं धरून चालतो आणि आजार कुठल्या किनाऱ्यावर वाढतोय ते कोणाला दिसतच नाही. मी उजवा-डावा असे दोन रकाने घातले. वरून उत्तर आलं, फॉर्म लांब होतोय. मी ते काढलेले नाहीत.

उद्या सकाळी परत तो उंचवटा मोजायचाय.