तुम्ही विचारलंत म्हणून: मी स्वतःला सुपर रँदोनियर का म्हणवत नाही

"एकाच वर्षात चारही ब्रेव्हे पूर्ण केल्यात, मग स्वतःला सुपर रँदोनियर का म्हणवत नाही?" जवळजवळ प्रत्येक राइडला हे कुणीतरी विचारतं. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळात पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड; ठरलेल्या चार अंतरांच्या ब्रेव्हे एका वर्षात केल्या की सुपर रँदोनियर म्हणतात. "त्यात काय विशेष," असं म्हणून मी टाळत आलो. ते खोटं होतं. विशेष आहेच. २००, ३००, ४००, ६००. शेवटच्या ६०० किलोमीटरना ४० तासांची मुदत. त्यातला एकही किलोमीटर मला फुकट मिळालेला नाही, आणि ते पदक मी परतही करणार नाही.

पण ती सहाशेची राइड सांगायलाच हवी.

२०२३ साल. चार वर्षांतून एकदा होणारी फ्रान्समधली मोठी ब्रेव्हे, पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, त्याच ऑगस्टमध्ये होती, आणि तिच्यासाठी त्याच वर्षी या चारही ब्रेव्हे पूर्ण लागतात. सकाळी ६ ला निघालो. संध्याकाळी समोरून वारा सुटला, तेव्हा जवळजवळ ७० किलोमीटर माझा जोडीदार पुढे राहिला आणि मी त्याच्या मागच्या चाकाला धरून. त्याच्या आडोशाने माझे पाय वाचले.

पहाटे ३:३० ला आम्ही ३४० वर होतो. तो सायकल चालवता चालवताच डुलक्या घेत होता. रस्त्याकडेच्या एका ओट्यावर आडवा होत म्हणाला, "वीस मिनिटांनी उठव." पुढचा कंट्रोल, म्हणजे वेळेत पोचून कार्डावर शिक्का घ्यायचा थांबा, ६० किलोमीटरवर होता आणि ८:४० ला बंद होणार होता. ताशी १५ ने गेलो तरी ७० मिनिटं हातात उरत होती. हा हिशेब मला तेव्हाही येत होता.

मी बसलो. अंग गार पडायला लागलं. वीस मिनिटं झाल्यावर त्याचा खांदा हलवला. "हो, उठतोच, तू हळूहळू हो पुढे," असं तो पुटपुटला. मी निघालो. हळूहळू नाही.

उठवलं होतं. हे मी स्वतःला शंभरदा सांगितलंय. पण तो उठून बसेपर्यंत थांबलो नाही, आणि झोपेत बोललेल्या वाक्याला परवानगी समजलो. त्याला जाग आली तेव्हा ६ वाजून गेले होते. एकट्याने जीव तोडून तो कंट्रोलला ९:०५ ला पोचला. कार्डावर शिक्का मिळाला नाही. मी ३८ तास २० मिनिटांत संपवलं, म्हणजे तासाभराहून जास्त वेळ शिल्लक ठेवून.

तेव्हाचा मी अजून वाद घालतो: दोन कंट्रोलच्या मध्ये ज्याने त्याने स्वतःच्या भरवशावर चालवायचं, नियमच तसा आहे. आहे, पण तो बाहेरच्या मदतीबद्दल. सोबतच्या स्वारासाठी थांबायला कुठलाच नियम आडवा येत नाही. ब्रेव्हेत पहिला-दुसरा क्रमांक नसतो, म्हणूनच तर मी शर्यती सोडून इकडे आलो होतो. तरी त्या पहाटे माझ्यापुरती ती शर्यतच झाली.

पॅरिसला गेलो नाही. पश्चात्तापामुळे गेलो नाही असं म्हणणं मला सोयीचं आहे, पण खरं कारण रजा मिळाली नाही हे आहे. आणि ती मिळाली असती, तर मी गेलो असतो.

रँदोनियर कोण, हे ४० तासांवर ठरत असेल तर मी आहे. वाऱ्यात पुढे राहण्यावर ठरत असेल तर तो आहे, पण त्याच्या नावापुढे त्या दिवशी डीएनएफ, म्हणजे 'पूर्ण केली नाही', लागलं. या दोन्हींतलं कुठलं मोजायचं, ते मला अजून ठरवता येत नाही. मी अजूनही लांब राइड करतो, बहुतेक वेळा एकटा. लोकांना वाटतं, मला एकांत आवडतो.

गेल्या महिन्यात धीर करून त्याला विचारलं, "मी तुला हलवलं होतं, आठवतं का?"

"नाही," तो म्हणाला. मग माझ्या नव्या टायरबद्दल विचारू लागला.