गॅलरी गेली, पॅसेज आला: दुसऱ्या खर्ड्याची नोंद

मागच्या नोंदीत मी मोठ्या थाटात लिहिलं होतं की पहिला खर्डा ३८ हजार शब्दांवर संपला. आज फाइल उघडली की खाली आकडा दिसतो २६,४००. तीन महिने रोज भांडुप ते दादर लोकलमध्ये उभ्याउभ्या टाइप करून मी माझी कादंबरी जवळजवळ १२ हजार शब्दांनी आटवली. घरात विचारतात, "किती झालं?" तेव्हा मी विषय बदलते.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: कुमारवयीन वाचकांसाठी कादंबरी, नायिका प्राची, वय पंधरा, दहावीत, राहते वरळीच्या बीडीडी चाळीत. चाळ पाडून टॉवर होणार, कुटुंबाला सामान हलवायचंय, आणि त्याच वर्षी घरात भांडण. काळ साधारण २०२२. एवढं पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. बाकी सगळं कच्चं होतं, ते मला उशिरा कळलं.

पहिल्या खर्ड्याच्या आधी मी एक तक्ता केला होता. एका कार्यशाळेत शिकवलं होतं, तसा. डावीकडे संघर्षाचे प्रकार: माणूस विरुद्ध माणूस, विरुद्ध समाज, विरुद्ध निसर्ग, विरुद्ध नियती, विरुद्ध यंत्र, आणि स्वतःशी. उजवीकडे प्रत्येकासमोर माझ्या कादंबरीतला एकेक प्रसंग. सहाही चौकोन भरले तेव्हा मला फार आनंद झाला. किराण्याची यादी पुरी झाल्यावर होतो तसा. आता तो तक्ता बघते तेव्हा लाज वाटते, कारण त्यातला एकही प्रसंग वरळीत घडायलाच हवा असा नव्हता. डोंबिवलीत चालला असता. नागपुरातही चालला असता.

मोडलं ते असं. ऑफिसात एक सहकारी आहेत, पन्नाशीचे, त्यांचं सगळं बालपण वरळी बीडीडीत गेलं. त्यांना मी भीतभीत पहिली तीन प्रकरणं वाचायला दिली. प्रकरण एकची सुरुवात अशी होती:

"प्राची गॅलरीच्या लाकडी कठड्याला रेलून उभी होती. खाली चौकात पोरं क्रिकेट खेळत होती. समोरच्या गॅलरीत सुलभाआजी वाळवण घालत होत्या."

दुसऱ्या दिवशी डबा खाताना ते म्हणाले, "मॅडम, छान लिहिलंय, पण गॅलरी कुठली? आमच्याकडे गॅलरी नव्हतीच."

नव्हतीच! मी जी चाळ लिहिली होती ती गिरगावातली होती, लाकडी कठड्यांची, चौकाभोवतीची. मराठी माणसाच्या डोक्यात 'चाळ' म्हटल्यावर जे चित्र आपोआप उमटतं, तेच मी उतरवलं होतं. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. त्या खात्याने १९२०च्या दशकात या चाळी बांधल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, आणि मधोमध एक लांब पॅसेज. दहा दारं या बाजूला, दहा त्या बाजूला. खोली १६० चौरस फुटांची. नळ-संडास सामाईक. पॅसेजच्या टोकांना काय उजेड येईल तेवढाच.

त्यांनी टिश्यू पेपरवर नकाशा काढून दिला. तो मी वहीत चिकटवून ठेवलाय, भाजीच्या डागासकट.

आता तुम्ही म्हणाल, गॅलरीच्या जागी पॅसेज लिहायचा, शोध-बदल केलं की झालं. मीही तेच केलं होतं. पण प्रसंग उभे राहीनात. गॅलरीत सगळ्यांना सगळं *दिसतं*. कोण कोणाशी बोललं, कोणाच्या दोरीवर काय वाळतंय, समोरच्या माळ्यावरून टिपलं जातं. पॅसेजात दिसत काही नाही, *ऐकू* येतं. कुकरची शिट्टी कोणाच्या घरातली, कोणाची चप्पल कशी फरफटते, भिंतीपलीकडे आवाज चढला की टीव्ही मोठा होतो. माझ्या कादंबरीत गुपित होतं आणि ते गॅलरीतून कोणीतरी *बघितल्याने* फुटत होतं. तो अख्खा धागाच गेला. साडेसहा हजार शब्द गेले त्याच्यापाठी.

नवी सुरुवात सध्या अशी आहे:

"बाबांची पावलं प्राची जिन्यापासून ओळखायची. उजवी चप्पल घासत यायची. आज ती अकराव्या दाराशी थांबली. त्यांचं दार चौदावं. अकरा, बारा, तेरा: तीन दारं अलीकडे बाबा काही न करता नुसते उभे होते, आणि आत आईने गॅस बारीक केला, म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं."

चांगलं आहे असं नाही म्हणत. पण हे गिरगावात घडणार नाही एवढं नक्की.

मग तक्त्याकडे परत गेले, आणि या वेळी उलट्या बाजूने. प्रकारापासून निघायचं नाही, जागेपासून निघायचं. या जागेत पंधरा वर्षांच्या मुलीला काय मिळत नाही? १६० चौरस फुटांत पाच माणसं. एकांत मिळत नाही. रडायलाही जागा नाही. गच्चीवर जावं तर तिथे दादाचे मित्र. आणि नव्या टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांचं घर मिळणार, आयुष्यात पहिल्यांदा दार लावून बसता येणार. आत्तापर्यंत मी प्राचीला 'चाळ वाचवा'वाली मुलगी केलं होतं, कारण ते कादंबरीला शोभतं. खरं तर तिला चाळ सुटायला *हवी* आहे. आणि तिच्या आजीला नकोय, आणि आजीवर तिचा जीव आहे. 'स्वतःशी संघर्ष' हा चौकोन मी पहिल्या खर्ड्यात दहावीच्या टेन्शनने भरला होता. (दहावीला खलनायक करायचा मोह आवरा, मंडळी. आपल्याकडच्या निम्म्या कुमार-कथांत तोच आहे.)

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो काकाने.

खोली आजोबांच्या नावावर. चाळी सरकारच्या, देखभाल सार्वजनिक बांधकाम विभागाची, रहिवासी भाडेकरू. आजोबा वारले, पात्रतेसाठी कागद हवेत, आणि विरारला राहणारा मोठा काका म्हणतो, माझाही हक्क. पहिल्या खर्ड्यात काका सरळ दुष्ट होता. मिशा तेवढ्या पिळायचा बाकी ठेवल्या होत्या. आणि त्याहून वाईट म्हणजे भांडण बाबा आणि काकांचं, प्राची कोपऱ्यात बसून ऐकतेय. मोठ्यांची कादंबरी, लहान साक्षीदार. या वयाच्या वाचकाला ते लगेच कळतं आणि तो पुस्तक मिटतो. गाठ मुलीच्या हातात असली पाहिजे, सोडवायची तिने, नाहीतर घट्ट करायची तिने.

उत्तर परत जागेनेच दिलं. आजोबा गिरणीत होते. म्हणजे १८ जानेवारी १९८२ला, डॉ. दत्ता सामंतांच्या संपात, सुमारे अडीच लाख कामगारांबरोबर तेही बाहेर पडले आणि परत आत गेलेच नाहीत. मी गणित मांडलं: काका तेव्हा चौदाचा, बाबा आठचे. घरात पैसा नाही. कोण कामाला लागणार? काका. शाळा कोणाची सुटली? काकाची. कोण शिकलं? बाबा. दोन भावांमधलं सहा वर्षांचं अंतर मी पहिल्या खर्ड्यात अंदाजे टाकलं होतं, आणि अख्ख्या भांडणाचं मूळ तिथे लपलं होतं.

आता प्राचीला पत्र्याच्या ट्रंकेत भाडेपावत्यांचा गठ्ठा सापडतो. १९८३ ते १९८९. पावत्यांवर नाव आजोबांचं, पण प्रत्येकीच्या मागे पेन्सिलने काकाच्या अक्षरात हिशेब: इतके भाडे, इतके धाकट्याच्या वह्यांना. बाबांना हे माहीत नाही, किंवा विसरायचं ठरवलंय. पावत्या काकाला दिल्या तर त्याच्या बोलण्याला वजन येईल. जाळल्या तर कोणाला कळणार नाही. घरातले सगळे फॉर्म मोबाइलवर तीच भरते, त्यामुळे कुठला कागद पुढे जायचा ते तिच्याच बोटावर. ती गठ्ठा दप्तरात घालते आणि सात प्रकरणं तो तिच्या दप्तरात असतो. त्या एका गठ्ठ्यात माणूस-माणूस, स्वतःशी आणि समाज तिन्ही चौकोन बसले, मी वेगळं काही भरलं नाही.

समाजाबद्दल एक सांगायचं राहतंय आणि तिथे मी अजून चाचपडतेय. या चाळींत जानेवारी १९७४मध्ये दलित पँथरच्या सभेपासून दंगल पेटली होती. कोणत्या नंबरच्या चाळीत कोण राहतं याची आठवण जुन्या माणसांकडे अजून आहे. प्राची आणि तिची मैत्रीण वेगवेगळ्या चाळींतल्या आहेत, आणि आजी त्या मैत्रिणीला पाणी देते ते वेगळ्या भांड्यात. एकच ओळ आहे ती, कोणी त्यावर काही बोलत नाही. मी ती तीनदा काढली, तीनदा परत घातली. समजावून सांगणारा परिच्छेद लिहिला होता, तो मात्र कायमचा काढलाय.

निसर्ग. इथे सगळ्यात मोठा गाढवपणा झाला.

मुंबईची कादंबरी म्हटल्यावर २६ जुलै घालायचा मोह कोणाला होत नाही? प्राचीचा तेव्हा जन्मही नव्हता, म्हणून आईच्या आठवणीतून घातला होता. मग आकडे बघितले: २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३. एकाच शहरात! मी 'मुंबई बुडाली' असं जे सरधोपट लिहिलं होतं ते पहिल्यांदा तिथे खटकलं. आईचं माहेर कुठे, ती त्या दिवशी कुठे होती, हे ठरवल्याशिवाय तिच्या आठवणीला काही अर्थच नव्हता. प्रकरण काढलं.

त्याऐवजी समुद्र. वरळी सी फेसवर उधाणाच्या लाटा कठड्यावरून रस्त्यावर येतात, तिथे प्राची पावत्या घेऊन जाते. शाळा सकाळची, साडेबाराला सुटते. मी लिहिलं होतं: अष्टमी, दुपारी बारा-साडेबारा, पंधरा फुटी लाटा. अष्टमी का, तर आजीचा उपास दाखवायचा होता.

आमच्याकडे दर बुधवारी मासळीवाली मावशी येते. बोंबील साफ करताना तिला सहज सांगितलं. तिने हातातला कोयता खाली ठेवला. "अष्टमीला बाराला पानी कुठलं गो बाय? तवा सुकती असते."

मग तिने हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावस्या-पुनवेला सव्वाअकरा-बाराच्या पुढेमागे. ढोबळ आहे, पण कारण सरळ आहे: भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. म्हणजे अष्टमीला दुपारी बाराला समुद्र अगदी खाली. वर अष्टमीची भरती ती भांगाची, तिच्यात जोरच नसतो. माझी वेळही चुकली होती आणि लाटही.

पण बघा, दुरुस्त केल्यावर काय हाती आलं. मुंबईत उधाणाची मोठी भरती अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, भर दुपारी. म्हणजे सकाळची शाळा सुटायच्या वेळेला! प्रसंग आता आषाढ अमावस्येवर नेलाय. सकाळी आजीने दिवे घासून पाटावर मांडलेत, कणकेचे दिवे उकडायला ठेवलेत, आणि दुपारी ही पोर दप्तर छातीशी धरून कठड्यापाशी उभी. लाट येते. गठ्ठा भिजतो. शाईचा शिक्का पसरतो, पेन्सिलीचा हिशेब मात्र तसाच राहतो, कारण पेन्सिल पाण्याने जात नाही. हे मी ठरवून आणलेलं नाही. पहिल्यापासून पेन्सिल लिहिली होती ती केवळ काका गरीब होता म्हणून. खात्री करायला घरी कागद भिजवून बघितला. मुलाची वही होती, त्याच्या आईला, म्हणजे मला, नंतर शाळेत उत्तर द्यावं लागलं.

यंत्र विरुद्ध माणूस हा चौकोन रिकामाच ठेवलाय. नाही लागत.

राहिली नियती, आणि तिला सध्याच्या मुंबईत फार साधं नाव आहे: सोडत. नव्या चाळीस मजली इमारतीत कोणाला कुठलं घर हे सोडतीने ठरतं. पॅसेजातली वीस दारं, शंभर वर्षांत ज्यांना एकमेकांची खोकल्याची तऱ्हा पाठ झाली, ती वीस मजल्यांवर विखुरणार. प्रकरण १९ तेच आहे. कोणाला कुठे टाकायचं यावर मी आठवडाभर अडले होते. सुलभाआजींना प्राचीच्या शेजारी ठेवलं तर गोड होतं, फार लांब ठेवलं तर मुद्दाम रडवल्यासारखं. कुठलाही मजला लिहिला की माझा हात दिसायचा.

शेवटी रविवारी रात्री चाळीस चिठ्ठ्या केल्या, स्टीलच्या पातेल्यात टाकल्या आणि मुलाला काढायला लावल्या. प्राची ३१. मैत्रीण तिच्याच इमारतीत, १२. सुलभाआजी ३. चौथ्या चिठ्ठीला काकाचं नाव घेतलं नव्हतं, तरी त्याने विचारलं, "आणि काका?" मी म्हटलं, काकाचं अजून ठरायचंय.

"आजीला परत काढूया ना," तो म्हणाला, "तीन फार खाली आहे."

नाही म्हटलं. चिठ्ठ्या वहीत चिकटवल्यात, टिश्यू पेपरच्या शेजारी. उद्यापासून प्रकरण १९.