डिसेंबरात आंबोलीमार्गे सावंतवाडी : ढग, धुकं आणि उसाच्या ट्रॉल्या

डिसेंबरात बंगालच्या उपसागरात काही शिजायला लागलं की बेळगावात ऊन गायब होतं. वादळ स्वतः क्वचितच इथवर येतं. 2024 चं फेंगल 30 नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं आणि विरत विरत पुढे अरबी समुद्रात उतरलं. आपल्या वाट्याला ढग, रिपरिप आणि पळालेली थंडी. यंदा अशाच हवेत लग्नासाठी सावंतवाडी गाठायची होती. मुहूर्त काही हवामान खात्याला विचारून काढत नाहीत.

हिंडलगा, बाची, शिनोळी, पाटणे फाटा, चंदगड, आंबोली, दाणोली हा नेहमीचा रस्ता. वाटेत तीन जिल्हे लागतात. बेळगावचा हवामानाचा इशारा बेंगळुरूहून निघतो, कोल्हापूर आणि सिंधुदुर्गचा मुंबईहून. आमच्या मोबाईलवर बेळगाव हिरवं होतं, म्हणजे इशारा नाही, आणि सिंधुदुर्ग पिवळं, म्हणजे सावध राहा. त्यामुळे घरचा जिल्हा बघून निघू नका, उतरायचा जिल्हा आधी बघा. आणखी एक, खात्याचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. पहाटे निघणार असाल तर आदल्या दिवसाचा इशारा अजून चालू असतो.

घाटात पाऊस लागला, पण बेताचाच. खरी कसरत शिनोळीच्या पुढे झाली. गळीत हंगाम चालू, रानं ओली, आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी फडातला चिखल डांबरावर आणून टाकलेला. वर बारीक भुरभुर पडली की त्याचा असा काही राडा होतो की ब्रेक दाबला तरी गाडी सरकते. जोराच्या पावसात उलट रस्ता धुऊन निघतो. एका ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर म्हणून जुनी सीडी सुतळीने बांधलेली होती. तीही चिखलाने माखलेली! अंधारात तिचा काय उपयोग? चंदगडपर्यंतचा पट्टा दिवसाउजेडीच काढा, आणि जोडट्रॉली ओलांडायची घाई करू नका. मागची ट्रॉली वळणावर आत येते.

परतताना आभाळ मोकळं झालं होतं, म्हणून सगळे खूश. पण जमीन ओली, रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असला की पहाटे दाट धुकं ठरलेलं. इशारा उठला म्हणजे रस्ता मोकळा झाला असं नाही, पावसानंतरची पहिली पहाट मला जास्त वाईट वाटते. नऊच्या आधी आंबोली सोडू नका. धुक्यात अप्पर मारलात तर समोर पांढरी भिंतच दिसते, डिपरवरच चालवा. चारी इंडिकेटर लावून पळणाऱ्यांचं डोकं कळत नाही, वळणार कुठं ते मागच्याला समजतच नाही.

घाटात नेटवर्कचा भरवसा धरू नका. पाऊस कुठे पडतोय ते दाखवणाऱ्या पणजीच्या डॉप्लर रडारचं चित्र पाटणे फाट्यावर चहा घेतानाच उघडून बघा. आंबोलीवर लाल-पिवळे ठिपके दाटलेले असतील तर दुसरा चहा सांगा.