खुंट चांगला तर झाड चांगलं: ठाण्यातल्या आमच्या लिंबू-संत्र्याच्या नर्सरीची वाटचाल

माझं माहेर विदर्भातलं, वरुड तालुक्यातलं. संत्र्याच्या बागा आमच्या दारातच, आणि जवळचं शेंदूरजनाघाट तर संत्र्याच्या कलमांसाठीच ओळखलं जातं. लग्न होऊन ठाण्याला आले, तेव्हा इथल्या लोकांना झाडांची हौस दांडगी आहे हे लगेच दिसलं. पण लिंबाचं रोप घेताना ते कशावर बांधलंय, हे कुणी विचारत नव्हतं. २०११ साली मी नि माझी नणंद, आम्ही दोघींनी घोडबंदर रोडला ओवळ्याजवळ भाड्याच्या जागेत शेडनेट उभारलं. ठेवायचं ते फक्त लिंबू, संत्रा, मोसंबी, पपनस आणि त्यांचे भाऊबंद, हे सुरुवातीलाच ठरलं होतं. जास्वंद आणि मनीप्लांट ठेवल्याशिवाय भाडं निघणार नाही, असं पुष्कळांनी सांगितलं. भाडं निघतं.

संत्र्याचं किंवा मोसंबीचं कलम म्हणजे एकावर एक बसवलेली दोन झाडं. खाली जंबेरीचा, म्हणजे खडबडीत सालीच्या एका आंबट लिंबाचा, खुंट (मुळाकडचं झाड), वर हवी ती जात. जंबेरीचं बी पेरायचं, रोपाचं खोड पेन्सिलीएवढं जाड झालं की साल टीच्या आकारात चिरायची, चांगल्या मातृवृक्षावरचा डोळा, म्हणजे फुटव्याची कळी, आत सरकवायचा आणि पट्टी घट्ट बांधायची. हा डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर हवा. आमच्याकडे आलेल्या माणसाला आम्ही आधी तो जोड बोटाने चाचपून बघायला लावतो, पानं नंतर.

त्याचं कारण खारघरच्या एका काकांच्या गच्चीवर पाहिलं. दुसरीकडून घेतलेली मोसंबी त्यांनी मोठ्या ड्रममध्ये लावली होती. झाड जोमदार, काटे बोटभर, फळं लिंबासारखी पिवळी आणि खडबडीत सालीची. “मोसंबी अशी आंबट कशी हो?” असं ते विचारत होते. माती बाजूला केली तर जोड पार गाडलेला. वरचा डोळा कधीच मेला होता आणि काका मनोभावे जंबेरीला खतपाणी घालत होते. तेव्हापासून प्रत्येक रोपाच्या जोडाखाली आम्ही लाल रंगाची रेघ ओढून देतो. रेघेखाली फुटवा आला की लगेच काढायचा आणि रेघ मातीत जाऊ द्यायची नाही.

विदर्भात शिकलेलं सगळंच इथे चालत नाही. नागपूरकडे वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस, ठाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त. कुंडीत पाणी तुंबलं की फायटोफ्थोरा बुरशी मुळांना धरते, खोडातून डिंक गळायला लागतो, पानं पिवळी पडतात. लोकांना वाटतं खत कमी पडलं, आणि ते आणखी खत घालतात! म्हणून आमच्या मिश्रणात मातीपेक्षा नारळाचा भुसा आणि जाड रेतीच जास्त. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला बोर्डो पेस्ट लावतो: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. प्लॅस्टिकच्या बादलीतच कालवायची, लोखंडाच्या नाही.

कागदी लिंबाला इथल्या पावसात खैऱ्या हमखास येतो. पानांवर, फळांवर तपकिरी खरबरीत ठिपके दिसतात. हा जिवाणूजन्य रोग, पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो आणि नागअळीने पोखरलेल्या पानांतून सहज आत शिरतो. रोगट फांद्या जूनच्या आधी छाटाव्यात. सगळ्यात जास्त फोटो मात्र येतात ते लिंबावरच्या फुलपाखराच्या अळीचे. लहानपणी ती थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. बोट लावलं तर डोक्यामागून दोन तांबूस शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. झाड मोठं असेल तर राहू द्या, आम्ही सांगतो. रोप लहान असेल तर हाताने वेचा. त्यासाठी औषध विकायचं नाही, यावर आम्ही दोघी ठाम आहोत.

फळ धरण्याचं गणितही इथलं वेगळं. ऑक्टोबरच्या उन्हात लिंबाच्या कुंडीला थोडा ताण द्यायचा, पानं किंचित मलूल झाली की खत घालून पाणी सुरू करायचं. फुलोरा येतो आणि बाजारात लिंबू महाग असतं त्या उन्हाळ्यात घरचं लिंबू हाताशी येतं. मोसंबी पिवळी होण्याची वाट बघत बसू नये. सालीला रंग यायला रात्री थंड लागतात, त्या ठाण्यात फारशा मिळत नाहीत. साल हिरवी राहूनही आत रस भरलेला असतो. एक फळ कापून चाखायचं, कारण तोडल्यावर ही फळं आंब्यासारखी पिकत नाहीत.

आमचं सगळ्यात लाडकं झाड पपनस. गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीवरच्या लाकडी चौकटीला, टांगायला तळकोकणातली मंडळी ते आवर्जून मागतात. देवीसाठी महाळुंगही मागतात, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात तेच फळ आहे. मूळची संत्र्याच्या जातीची झाडं, पपनस आणि महाळुंग या तिघांच्याच संकरांतून मोसंबी, ईडलिंबू, आमचं जंबेरीसुद्धा आलं. पपनसाचं बी लावलं तर आईसारखंच झाड येईल याची खात्री नसते, म्हणून आम्ही त्याची गुटीच देतो, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप. कागदी लिंबू बियांपासूनही बहुतेक आईसारखंच येतं, पण फळाला चार-पाच वर्षं थांबावं लागतं.

आता नेरूळ-बेलापूरपर्यंत सोसायट्यांच्या गच्च्यांची कामं येतात, दोन मुलं कामाला आहेत आणि डोळा भरायचं काम नणंद त्यांना शिकवतेय. जंबेरीचं बी आम्ही आता इथेच पेरतो. कुंडीसाठी रंगपूर लाइम या आंबट फळाच्या जातीच्या खुंटावरची मोसंबी करून बघतोय, ती पुढच्या पावसाळ्यानंतर विक्रीला येईल. रोप न्यायला याल तेव्हा गॅलरीचा सकाळी दहाचा आणि दुपारी तीनचा फोटो घेऊन या. पाच-सहा तास थेट ऊन नसेल, तर आम्ही तुम्हाला संत्रा देणार नाही.